डॉकरमधला स्टॉकचा डेटा कोरा दिसतोय, जुना व्हॉल्यूम परत कसा जोडायचा?

गेटपास_रबाळे | सोमवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं छोटं युनिट आहे. मी स्टोअर्स आणि गेटपास बघतो. कॉम्प्युटरसाठी वेगळा माणूस नाही, त्यामुळे तेही माझ्याच गळ्यात.

स्टॉकचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या एका उबुंटू मशीनवर डॉकरमध्ये चालतं, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या बंद डब्यात (कंटेनरमध्ये). दोन कंटेनर आहेत, एक अ‍ॅपचा आणि एक पोस्टग्रेस डेटाबेसचा. ज्याने बसवून दिलं तो मुलगा पुण्याला गेला. शनिवारी एएमसीवाल्यांकडून (वार्षिक देखभालीचं कंत्राट) नवीन माणूस आला, 'अपडेट करतो' म्हणाला आणि तासाभरात गेला. आज सकाळी अ‍ॅप उघडलं तर स्क्रीन तीच, मेनू तेच, पण आत एकही आयटम नाही. पार्टी मास्टर रिकामा, जुने गेटपास गायब. माझं लॉगिनही चालेना, शेवटी अ‍ॅडमिनच्या मूळ पासवर्डने आत गेलो.

फोन केला तर म्हणतो, 'इमेजचा बॅकअप घेतलाय, काळजी करू नका.' गेटवर दोन टेम्पो उभे आहेत, चलन हाताने फाडतोय. डेटा गेला का? नसेल गेला तर आहे कुठे?

---

कोपरीकर | सोमवार, सकाळी ११:३५

आधी हात आवरा. काहीही पुसू नका, प्रून (न वापरलेलं साफ करणारी) नावाची कुठलीही कमांड चालवू नका. 'डॉकर कंपोज डाउन' करायची वेळ आलीच तर त्यापुढे हायफन-व्ही लावू नका. नुसत्या डाउनने कंटेनर जातात, नाव दिलेले व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर डेटा साठवायच्या जागा) राहतात. हायफन-व्ही लावलं की व्हॉल्यूमही जातात, आणि तिथे 'नक्की का?' असं कुणी विचारत नाही.

अ‍ॅपमध्ये नवीन एंट्रीही करू नका, चलन हातानेच चालू द्या.

इमेजच्या बॅकअपवर विसंबू नका. इमेज म्हणजे कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा, तिच्यात सॉफ्टवेअर असतं. व्हॉल्यूममधला डेटा 'डॉकर कमिट' (कंटेनरची इमेज बनवणं) केलं तरी इमेजमध्ये येत नाही, त्यामुळे तो बॅकअप खरा असला तरी तुमच्या कामाचा नाही.

आता हे सांगा: 'डॉकर व्हॉल्यूम एलएस' केल्यावर काय दिसतं? कंपोजची फाइल (कुठले कंटेनर कसे चालवायचे ते जिच्यात लिहिलेलं असतं ती) ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नाव शनिवारी बदललं का? (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थात इंग्रजी अक्षरांत.)

---

गेटपास_रबाळे | सोमवार, दुपारी १२:१०

लगेच उत्तर दिलंत, आभारी आहे. यादीत दोन नावं दिसतात: स्टॉक_डीबीडेटा आणि स्टॉक-न्यू_डीबीडेटा. शिवाय अक्षरं-आकडे मिसळलेली लांबलचक नावंही चार-पाच आहेत.

फोल्डरचं म्हणाल तर आधी 'स्टॉक' होता. आता 'स्टॉक-ओल्ड' आणि 'स्टॉक-न्यू' असे दोन आहेत. अ‍ॅप न्यूमधून चालू आहे.

---

घंटाळी_रूट | सोमवार, दुपारी १२:२५

मग डेटा जागेवर आहे असं दिसतंय. जेवून घ्या निवांत.

कंपोज व्हॉल्यूमला जे नाव देतं त्याच्या आधी प्रोजेक्टचं नाव चिकटवतं, आणि तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर प्रोजेक्टचं नाव म्हणजे फोल्डरचं नाव. फोल्डर 'स्टॉक' होता तेव्हा व्हॉल्यूम झाला स्टॉक_डीबीडेटा. 'स्टॉक-न्यू'मधून चालू केल्यावर कंपोजने स्टॉक-न्यू_डीबीडेटा शोधला, मिळाला नाही, तर गुपचूप नवा बनवला. पोस्टग्रेसच्या इमेजला डेटाची डिरेक्टरी रिकामी दिसली की ती नव्याने डेटाबेस उभारते. अ‍ॅपने त्यात आपली कोरी टेबलं बनवली, म्हणून स्क्रीन ओळखीची आणि आत शुकशुकाट. तुमच्याच भाषेत सांगायचं तर गोडाऊनचा पत्ता बदलला, माल जुन्या गोडाऊनमध्येच पडून आहे.

खात्री करायची तर दोन्ही व्हॉल्यूम एका तात्पुरत्या कंटेनरमधून फक्त वाचण्यासाठी उघडा: डॉकर रन, डबल हायफन आरएम, मग हायफन-व्ही स्टॉक_डीबीडेटा:/डेटा:आरओ, इमेज अल्पाइन (एक छोटं लिनक्स), आणि शेवटी डीयू हायफन-एसएच /डेटा, म्हणजे आकार कळेल. इथलं हायफन-व्ही व्हॉल्यूम जोडण्यासाठी आहे, डाउनसारखं पुसण्यासाठी नाही. शेवटचं 'आरओ' विसरू नका, ते असलं की चुकूनही काही लिहिलं जात नाही. तशीच दुसरी फेरी 'कॅट /डेटा/पीजी_व्हर्जन' घालून करा. या फाइलमध्ये एकच आकडा असतो, डेटाबेस कुठल्या आवृत्तीचा आहे तो.

ती लांबलचक नावं म्हणजे अनामिक व्हॉल्यूम. डॉकरफाइलमध्ये व्हॉल्यूम जाहीर केलेला असतो आणि चालवताना आपण त्याला नाव देत नाही, तेव्हा डॉकर असा एक बनवून टाकतो. सध्या त्यांनाही हात नको.

---

गेटपास_रबाळे | सोमवार, दुपारी १:०५

स्टॉक_डीबीडेटा: ३.१ जीबी, आवृत्ती १३.
स्टॉक-न्यू_डीबीडेटा: ४७ एमबी, आवृत्ती १६.

३.१ जीबी बघून जिवात जीव आला. शनिवारी आवृत्तीपण बदललेली दिसते.

---

सानपाडा_लूप | सोमवार, दुपारी १:२०

सोप्पंय की. व्हार-लिब-डॉकर-व्हॉल्यूम्समध्ये जा, प्रत्येक व्हॉल्यूमच्या नावाचं फोल्डर असतं, आत अंडरस्कोर-डेटा. जुन्यातलं सगळं उचलून नव्यात पेस्ट करा आणि रीस्टार्ट. पाच मिनिटांचं काम.

---

घंटाळी_रूट | सोमवार, दुपारी १:३०

@सानपाडा_लूप, नको. १३ च्या फाइली १६ ला वाचता येत नाहीत, पोस्टग्रेसच्या मोठ्या आवृत्त्यांमध्ये डिस्कवरची मांडणी बदलते. त्यात नवा डेटाबेस चालू असताना त्याच्या पोटात दुसऱ्याच्या फाइली ओतल्या तर दोन्ही जातील. सध्या एकच चांगली प्रत आहे त्यांच्याकडे.

म्हणून आधी जुन्या व्हॉल्यूमची प्रत करा. त्याला एकही कंटेनर जोडलेला नसताना, वरचाच अल्पाइनचा प्रकार, फक्त टार करून (सगळं एका फाइलीत बांधून) पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या मशीनवर. ३ जीबीला कितीसा वेळ लागतो.

---

कोपरीकर | सोमवार, दुपारी २:४५

घंटाळींना पूर्ण अनुमोदन. प्रत झाली की पुढचं असं करा.

न्यू फोल्डरमधून साधं डाउन. मग कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेसची इमेज १६ ची परत १३ करा, आणि खाली व्हॉल्यूम्सच्या भागात डीबीडेटाला दोन ओळी जोडा: नेम: स्टॉक_डीबीडेटा आणि एक्स्टर्नल: ट्रू. एक्स्टर्नल म्हटलं की कंपोज तो व्हॉल्यूम स्वतः बनवत नाही आणि हायफन-व्ही लावलं तरी पुसत नाही. नाव चुकलं तर गुपचूप नवा बनवण्याऐवजी सरळ एरर देतं. ही ओळ पहिल्यापासून असती तर शनिवारीच अ‍ॅप उठलं नसतं आणि तो माणूस तिथल्या तिथे थांबला असता.

१३ चा टॅग (इमेजच्या नावापुढची आवृत्तीची खूण) जुना ज्या जातीचा होता त्याच जातीचा घ्या. ओल्ड फोल्डरमधल्या फाइलीत बघा, अल्पाइन लिहिलंय का. डेबियनच्या इमेजमध्ये पोस्टग्रेस युजरचा क्रमांक ९९९ असतो, अल्पाइनमध्ये ७०, त्यामुळे फाइलींची मालकी बिघडते. त्याहून वाईट म्हणजे दोन्हींत अक्षरांचा क्रम लावणारी लायब्ररी वेगळी. तुमच्या पार्टी मास्टरमध्ये मराठी नावं असतील तर इंडेक्स (शोधासाठीची सूची) एका क्रमाने बांधलेला आणि शोध दुसऱ्या क्रमाने, असं होऊन असलेली पार्टी 'नाही' दाखवेल.

ठाणे-बेलापूर रोडवर अडकलोय, बाकीचं संध्याकाळी.

---

गेटपास_रबाळे | सोमवार, संध्याकाळी ५:५०

चालू झालं! शुक्रवारपर्यंतचे सगळे गेटपास दिसतायत. माझं लॉगिनपण चाललं.

एक गोष्ट सांगतो. पहिल्यांदा इमेज १३ करायची राहिली होती आणि १६ वरच जुना व्हॉल्यूम जोडला गेला. कंटेनर सारखा रीस्टार्ट होत होता. लॉगमध्ये लिहिलं होतं की डेटाबेसच्या फाइली या सर्व्हरला जुळत नाहीत, १३ ने बनवल्यात. १३ केल्यावर लगेच उठला. काही बिघडलं नसेल ना?

शेठ म्हणतायत आता १३ वरच राहू दे.

---

कोपरीकर | सोमवार, रात्री ९:१५

नाही बिघडलं. आवृत्ती जुळली नाही की पोस्टग्रेस दारातूनच परत जातं, आत काही लिहीत नाही.

शेठना सांगा, १३ वर कायमचं राहता येणार नाही, त्याचा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. पण घाई आज नको. चार दिवस चालू द्या, मग निवांतपणे डंप (पीजी-डंप या कमांडने डेटाबेसची एका फाइलीत काढलेली प्रत) काढा आणि १६ च्या वेगळ्या, नव्या नावाच्या व्हॉल्यूममध्ये भरा. जुना महिनाभर तसाच ठेवा.

डंप काढताना एक खड्डा आहे. 'डॉकर एग्झेक'ला (चालू कंटेनरच्या आत कमांड चालवणं) हायफन-टी लावून पीजी-डंपचं आउटपुट फाइलीत वळवू नका. हायफन-टी म्हणजे टर्मिनल, आणि टर्मिनल ओळीच्या शेवटाला स्वतःचं एक जादा चिन्ह घालतं. कस्टम फॉरमॅटचा डंप बायनरी असतो, त्यात ही चिन्हं घुसली की फाइल दिसायला धडधाकट आणि रिस्टोअरला नेली की मेलेली. आकारही जवळपास तोच, म्हणून कुणाला संशय येत नाही.

---

पाचपाखाडी_क्यूए | सोमवार, रात्री ९:४०

आणि १६ वर गेल्यावर लॉगिन फसलं तर घाबरू नका, ते ठरलेलं आहे. 😀 पीजी-डंपऑलने युजर आणि पासवर्डही उचलले तर १३ मधले पासवर्ड एमडी५ या जुन्या पद्धतीने साठवलेले असतात. १४ पासून अधिकृत इमेज नेटवर्कवरून येणाऱ्यांकडे स्क्रॅम ही नवी पद्धत मागते. पासवर्ड बरोबर असूनही 'ऑथेंटिकेशन फेल्ड' येतं.

मग लोक कंपोजमधलं पोस्टग्रेस_पासवर्ड बदलत बसतात. त्याने काही होत नाही, कारण ते फक्त रिकाम्या डिरेक्टरीवर पहिल्यांदा डेटाबेस उभा राहताना वाचलं जातं. कंटेनरच्या आत जाऊन पीएसक्यूएलमधून (पोस्टग्रेसला कमांड द्यायचं साधन) ऑल्टर रोल करून तोच पासवर्ड पुन्हा द्या. आतून लोकल सॉकेटवर इमेज पासवर्ड विचारत नाही.

---

सानपाडा_लूप | मंगळवार, सकाळी ८:०५

मी म्हणतो हे सगळं कशाला? डेटाबेस कंटेनरमध्ये ठेवायचाच कशाला? सरळ उबुंटूवर इन्स्टॉल करा, डेटा एका जागी, फोल्डर बदला नाही तर नाचा. कंटेनर म्हणजे आज आहे, उद्या नाही अशी चीज. त्यात सहा-सात वर्षांचा हिशेब ठेवणं मला पटत नाही.

---

घंटाळी_रूट | मंगळवार, सकाळी ८:५०

@सानपाडा_लूप, निम्मं पटलं. पण डेटा कंटेनरमध्ये नव्हताच. असता, म्हणजे कंटेनरच्या स्वतःच्या लिहिण्याच्या थरात असता, तर शनिवारच्या डाउनबरोबरच गेला असता आणि हा धागा वेगळ्या सुरात निघाला असता. तो व्हॉल्यूममध्ये होता म्हणून वाचला. व्हॉल्यूम कंटेनरच्या आयुष्याशी बांधलेला नसतो, तीच तर त्याची गंमत.

शिवाय थेट इन्स्टॉल केलं असतं आणि तोच माणूस तसाच 'अपडेट' करायला आला असता तर? इथे निदान एक ओळ बदलून १३ वर परत येता आलं.

माझा आक्षेप वेगळा आहे. एएमसीवाला असो की घरचा माणूस, कंपोज फाइलीत सेवांची नावं, पोर्ट, पासवर्ड सगळं विचार करून लिहितात आणि व्हॉल्यूम्सच्या भागात नुसतं नाव टाकून मोकळे होतात. डेटा मशीनवर नेमका कुठे पडणार, फोल्डर हलवला तर काय होणार, कोण पुसू शकणार, हे त्या चार ओळींत ठरतं.

---

गेटपास_रबाळे | मंगळवार, सकाळी १०:३०

यावरूनच विचारायचं होतं. डेटा मला डोळ्यांना दिसेल अशा साध्या फोल्डरमध्ये ठेवता येईल का? होममध्ये 'स्टॉकडेटा' असा. म्हणजे रोज संध्याकाळी कॉपी मारून पेन ड्राइव्हवर घेता येईल. व्हार-लिबच्या आत कुठेतरी आहे म्हटलं की धाकधूक वाटते.

---

कोपरीकर | मंगळवार, सकाळी ११:१०

ठेवता येतं, त्याला बाइंड माउंट म्हणतात. पण तुम्ही ज्या कारणासाठी मागताय त्यासाठी नको. चालू डेटाबेसचं फोल्डर कॉपी केलं तर पहिली फाइल ६ वाजून १ मिनिटाची, शेवटची ६ वाजून ४ मिनिटांची. अशी प्रत बऱ्याचदा उठतच नाही, किंवा उठते आणि आत काहीतरी वाकडं निघतं. कॉपी मारायची तर कंटेनर नीट थांबवून. नाहीतर पीजी-डंप. तो चालू असतानाही एकाच क्षणाचं चित्र देतो.

बाइंड माउंटचे स्वतःचे नखरे आहेत. हायफन-व्हीमध्ये पाथ लिहिताना एक अक्षर चुकलं तर डॉकर त्या चुकीच्या नावाचं रिकामं फोल्डर रूटच्या मालकीचं बनवून टाकतं, म्हणजे तुमच्या शनिवारची पुनरावृत्ती. डबल हायफन माउंटचा लांब प्रकार वापरला तर निदान एरर येते. दुसरं, फोल्डर होममध्ये दिसतं म्हणून कुणीतरी 'जागा कमी आहे' म्हणून ते साफ करतो. व्हार-लिबमध्ये सहजासहजी कुणी जात नाही हा मला फायदाच वाटतो.

कंपोज फाइल, अ‍ॅपचं कॉन्फिग, अपलोड केलेले चलनांचे फोटो यांना बाइंड माउंट चालेल. डेटाबेसला नाव दिलेला व्हॉल्यूम.

---

ऐरोली_रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३:२०

सायलेंट वाचक, पहिल्यांदाच लिहितेय. आमच्याकडे हेच क्युबरनेटीसवर (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी व्यवस्था) आणि क्लाउडच्या डिस्कवर आहे, तिथला एक प्रकार सांगते, कारण 'व्हॉल्यूम कंटेनरपेक्षा जास्त जगतो' हे ऐकून लोक तिथेही निर्धास्त राहतात.

तिथे पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) डिस्क मागतो ती पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम नावाच्या मागणीतून. स्टोरेज क्लासने आपोआप डिस्क बनवून दिली असेल तर तिचं रिक्लेम धोरण (मागणी संपल्यावर डिस्कचं काय करायचं ते) मुळात 'डिलीट' असतं. क्लेम पुसला की डिस्कही क्लाउडवरून जाते. कुणी टेस्टची समजून अख्खी नेमस्पेस (क्लस्टरमधला एक कप्पा) उडवली तर क्लेम गेला आणि त्यामागून खरी डिस्क. ज्या डिस्कमध्ये जीव अडकलाय तिचं धोरण 'रिटेन' करून ठेवावं. स्टेटफुलसेट (डेटा सांभाळणाऱ्या पॉडचा संच) पुसल्यावर मात्र क्लेम मुळात राहतात, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

आणि डिस्कची रीड-राइट-वन्स ही परवानगी म्हणजे एक पॉड नव्हे, एक नोड (एक मशीन). एकाच नोडवरचे दोन पॉड तीच डिस्क लिहू शकतात. एकच पॉड हवा असेल तर रीड-राइट-वन्स-पॉड आहे, तो क्युबरनेटीस १.२९ मध्ये पक्का झाला.

---

घंटाळी_रूट | मंगळवार, दुपारी ४:००

@ऐरोली_रात्रपाळी, दोन पॉडवाला मुद्दा साध्या डॉकरलाही लागू आहे आणि तिथे जास्त भीती आहे. गेटपास, हे तुमच्यासाठी. १३ आणि १६ च्या खेळात 'एक नमुना म्हणून दुसरा कंटेनर त्याच व्हॉल्यूमवर उठवून बघू' असं चुकूनही करू नका.

पोस्टग्रेस डेटा डिरेक्टरीत पोस्टमास्टर-डॉट-पीआयडी नावाची फाइल ठेवतं, तिच्यात प्रोसेसचा क्रमांक. दुसरा पोस्टग्रेस आला की तो क्रमांक जिवंत आहे का बघतो आणि असेल तर माघार घेतो. पण कंटेनरमध्ये प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असं वाटतं आणि प्रत्येकाचा क्रमांक १. दुसरा येतो, फाइलीत १ बघतो, 'हा तर मीच, मागच्या वेळचा उरलेला' समजून आत शिरतो. शेअर्ड मेमरीची तपासणीही दोघांची वेगवेगळी, म्हणून तीही पकडत नाही. दोघे एकाच फाइलींवर लिहू लागले की मग डंपही वाचवत नाही.

---

गेटपास_रबाळे | शनिवार, संध्याकाळी ६:४०

१६ वर आलो. शेठचा भाचा घणसोलीला एका कंपनीत आहे, त्याला बसवून केलं. पाचपाखाडींनी सांगितलं तसंच लॉगिन फसलं आणि ऑल्टर रोलने सुटलं. पार्टी मास्टर, आयटम, गेटपास तिघांची संख्या १३ शी जुळवली.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारं साधन) रोज संध्याकाळी ७ ला डंप लावलाय. तो अकाउंट्सच्या मशीनवर जातो आणि तिथून शेठच्या घरच्या ड्राइव्हवर, ते कळव्याला राहतात. भाच्याने डंप त्याच्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून दाखवला, मगच सोडलं त्याला.

एक राहिलंच. आमच्याकडे लाइट जाते. मशीनला यूपीएस आहे पण बॅटरी म्हातारी. अचानक बंद पडलं तर व्हॉल्यूमला धोका किती?

---

पाचपाखाडी_क्यूए | शनिवार, संध्याकाळी ७:३०

वा! एक पुढचं सांगून ठेवते, टॅग नुसता १६ ठेवू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये अधिकृत इमेजचा पाया डेबियनच्या बुकवर्म आवृत्तीवरून ट्रिक्सी आवृत्तीवर गेला आणि नुसतं 'पुल' करणाऱ्यांच्या (नवी इमेज उतरवणाऱ्यांच्या) लॉगमध्ये कोलेशन (अक्षरांचा क्रम) जुळत नाही अशी वॉर्निंग यायला लागली. कोपरीकरांनी सांगितलेला मराठी नावांचा घोळच, पण आवृत्ती न बदलता. तुम्ही आत्ता डंपमधून भरलंय म्हणजे इंडेक्स ताजे आहेत. पण टॅगमध्ये पायाचं नावही लिहा, म्हणजे पुढच्या वेळी तो पायाखालून सरकणार नाही.

---

कोपरीकर | शनिवार, रात्री ८:१०

लाइटचं: पोस्टग्रेस स्वतः अशा बंद पडण्यातून उठायला बनलेलं आहे, लॉग वाचून राहिलेलं पुरं करतं. पण त्यात एक अट असते, डिस्कने 'लिहिलं' म्हटलं म्हणजे खरंच लिहिलेलं असावं. काही स्वस्त एसएसडी डेटा स्वतःच्या कॅशमध्ये असतानाच 'झालं' सांगून मोकळ्या होतात. सर्व्हरसाठीच्या एसएसडींमध्ये त्यासाठी कपॅसिटर असतात, लाइट गेल्यावर कॅश रिकामी करण्यापुरते. यूपीएसची बॅटरी बदलाच, पण पुढच्या वेळी डिस्क घेताना 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' लिहिलंय का ते बघून घ्या.

यूपीएस मशीनला 'आता बंद हो' सांगत असेल तर कंपोजमध्ये स्टॉप ग्रेस पिरियड (कंटेनरला नीट बंद व्हायला दिलेला वेळ) वाढवा. मुळात १० सेकंद असतात, त्यानंतर डॉकर कंटेनरला सरळ मारतं. पोस्टग्रेसला १ मिनिट तरी द्या.

---

गेटपास_रबाळे | शनिवार, रात्री ८:२५

९० सेकंद केले. बॅटरीचं इंडेंट सोमवारी टाकतो. स्टॉक-न्यू_डीबीडेटा, तो ४७ एमबीवाला, आता पुसू का?

---

घंटाळी_रूट | शनिवार, रात्री ८:४०

त्यात मागच्या शनिवारनंतर कुणी एंट्री मारली नव्हती ना? मारली नसेल तर पुसा, पण 'डॉकर व्हॉल्यूम आरएम' आणि पूर्ण नाव, असं एकट्याला. प्रून नको. डॉकर २३ पासून नुसतं व्हॉल्यूम प्रून फक्त अनामिक व्हॉल्यूम काढतं, पण त्याआधीच्या आवृत्तीत न वापरलेले सगळेच जायचे, नाववालेसुद्धा. आणि तुमचा १३ चा जुना व्हॉल्यूम सध्या 'न वापरलेला'च आहे.